हाडं तेवढी आमची

रविवारी सकाळी आठवडा सुरू झाला आणि चौथीच्या वर्गात नेहमीसारखी शांतता पसरली. इन्तिसार मिसचा वर्ग म्हणजे टाचणी पडली तरी ऐकू यावी. बाजूच्या तिसरीत रुबा मिसच्या मुली पाखरांसारख्या कलकलत असायच्या, आणि इन्तिसार भिंतीकडे बघून हसायची. "पोरी डोक्यावर बसल्यात हिच्या," असं ती शिक्षिकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणे. रुबा दोनच वर्षांपूर्वी करक शहरातून या गावात आली होती. ती लाजून चहात साखर ढवळत राही.

इन्तिसारला शिकवायला लागून बावीस वर्षं झाली होती. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आता नर्स होत्या, शिक्षिका होत्या, एक तर अम्मानला डॉक्टर होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी बाप मुलीला हाताला धरून आणायचा, वर्गाच्या उंबऱ्यापाशी उभी करायचा आणि आपल्या बापानं म्हटलेलंच वाक्य म्हणायचा, "मिस, मांस तुमचं, हाडं तेवढी आमची." म्हणजे हवी तशी सोला, फक्त मोडू नका. इन्तिसार मान डोलवायची. तिलाही तिच्या बापानं असंच सोडलं होतं. मारायचं नाही असं सरकारी परिपत्रक दर सप्टेंबरला येई, सगळ्याजणी त्यावर सही करत आणि टेबलाच्या खणात रबरी नळीचा हातभर तुकडा तसाच पडून असे. वर्गातल्या मुलींना त्या नळीचा रंगसुद्धा पाठ होता.

त्या दिवशी थंडी हाडांत शिरत होती. कोपऱ्यातल्या शेगडीवर मुली आळीपाळीनं हात शेकून जागेवर बसल्या. गृहपाठ होता 'माझं घर', फक्त दहा ओळी. इन्तिसार वह्या तपासत तिसऱ्या बाकापाशी आली आणि थांबली. जुमानच्या वहीत वरती सुंदर अक्षरात 'माझं घर' एवढंच लिहिलं होतं. खाली कोरं पान.

"हे काय आहे?"

जुमान उठून उभी राहिली. नऊ वर्षांची, किडकिडीत, हिरव्या झग्याची पांढरी कॉलर मानेवर वाकडी झालेली. हीच मुलगी गेला दीड महिना खालावत चालली होती. आधी वाचनात पहिली असायची. आता धड वाचत नव्हती, लिहीत नव्हती, विचारलं तर बोलत नव्हती.

"मी भिंतीशी बोलते का? का लिहिलं नाहीस?"

जुमाननं बुटांकडे पाहिलं.

"तिसऱ्यांदा झालं हे. घर नाही का तुला? रस्त्यावर राहतेस?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. जुमाननं मान वर केली आणि तिचे ओठ ताणले गेले. ती हसली, निदान इन्तिसारला तसं वाटलं. भीतीनंसुद्धा लहान मुलांचे ओठ असे ताणले जातात, हे तिला बावीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. ती स्वतः लहानपणी अशीच हसून मार खात असे, पण तेही ती विसरून गेली होती.

"माझ्या तोंडावर हसतेस?"

नळी खणात होती. हात जवळ होता. उघड्या पंजाची चपराक डाव्या कानावर बसली, तसा वर्गात एक बारीक आवाज झाला, पिशवी फुटावी तसा.

जुमान रडली नाही. खाली बसली, वही मिटली. इन्तिसारनं फळ्यावर व्याकरण लिहायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी शेजारच्या मुलीनं हात वर केला आणि घाबरत घाबरत म्हणाली, "मिस, हिच्या कॉलरला रक्त लागलंय."

* * *

मुख्याध्यापिका नवाल अनुभवी बाई होती. तिनं आधी दार लावलं, मग जुमानच्या कानात कापूस घातला आणि मग नोंदवही उघडली.

"जिन्यावरून पडली," ती म्हणाली. "सकाळी जिना ओला होता. सफाईवालीनं पुसला होता, हो ना? इन्तिसार, तू काही बोलू नकोस. तुझ्या नोकरीची तीन वर्षं राहिलीत." मग जुमानपुढे वाकून ती गोड आवाजात म्हणाली, "तू पडलीस ना, बाळ?"

जुमाननं इन्तिसारकडे पाहिलं. मग मान हलवली. "पडले."

गावात फॉस्फेटच्या खाणीवर ट्रक चालवणारा तिचा बाप अवाद धुळीनं माखलेलाच आला आणि तिला करकच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही पोरगी "पडले" म्हणाली. पडदा फाटला होता. आत आधीपासून पू झाला होता, त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. कागदावर 'पडल्यामुळे' असं लिहिलं गेलं.

पण गाव लहान. चाळीस मुलींनी पाहिलेली गोष्ट चाळीस घरांत संध्याकाळच्या जेवणाआधी पोहोचली. अवादचे चुलतभाऊ जमले. इन्तिसारच्या भावापर्यंत, मुअतसिमपर्यंत, बातमी गेली आणि त्यानं लगेच हालचाल केली. इन्तिसारनं लग्न केलेलं नव्हतं. आईवडील गेल्यापासून ती मुअतसिमच्याच घरात वरच्या खोलीत राहत होती, तेव्हा तिची लाज ती त्याची लाज. शुक्रवारच्या नमाजानंतर चुलत्याला पुढे घालून वीस माणसांची जाहा, समेट मागणारी मंडळी, अवादच्या दारी गेली.

परत आल्यावर मुअतसिमनं खुशीत सगळं सांगितलं. "दिवाणखान्यात आम्ही बसलो. काकांच्या पुढ्यात कडू कॉफीचा फिन्जान ठेवला. काकांनी हात लावला नाही. म्हणाले, आमची मागणी मान्य केलीत तरच पिऊ. अवाद उठला. माणूस मोठ्या मनाचा हो! म्हणाला, मिस इन्तिसार आमच्या मुलींना आईसारख्या. आईचा हात लागला म्हणून कोणी फिर्याद करतं का? प्या तुमची कॉफी. प्यायलो. झालं, मिटलं."

"आणि ती?" इन्तिसारनं विचारलं.

"ती कोण?"

"पोरगी."

"पोरगी आत होती की. तिचं काय काम तिथं?"

खरं सांगायचं तर इन्तिसारला त्या क्षणी हायसंच वाटलं. आठवडाभर तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. त्या दुपारी ती दोन ताटल्या भात जेवली.

* * *

पुढच्या रविवारी जुमान शाळेत आली. कानावर पट्टी, डोकं किंचित उजवीकडे कललेलं, जणू कोणीतरी तिला सारखं काहीतरी कुजबुजून सांगत होतं. इन्तिसारनं ठरवलं होतं की तिला काहीच विचारायचं नाही, काही दिवस सोडून द्यायचं. तिच्या मते ही मोठी दया होती.

तिनं फळ्यावरची तारीख पुसायला हात उचलला. मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर जुमाननं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं होतं, कंपास खाली पडला होता आणि तिच्या बाकाखाली फरशीवर ओघळ पसरत होता. चाळीस मुली गप्प होत्या. टाचणी पडली तरी ऐकू आली असती. याच शांततेचा इन्तिसारला बावीस वर्षं अभिमान होता.

ती दाराशी गेली. "रुबा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

रुबा आली. तिनं काही विचारलं नाही. आपला कोट काढून जुमानच्या कमरेभोवती गुंडाळला, मुद्दाम उजव्या बाजूला बसून हळू आवाजात काहीतरी बोलली आणि तिला घेऊन गेली. मधल्या सुट्टीत शिक्षिकांच्या खोलीत दोघीच असताना इन्तिसार म्हणाली, "मला वाटलं नव्हतं एवढं... ही आधी अशी नव्हती. नोव्हेंबरपर्यंत चांगली होती."

रुबानं कप खाली ठेवला. "तिची आई नोव्हेंबरमध्येच गेली ना."

"वारली?"

"नाही. रुसून माहेरी गेलीय. सासूशी भांडण झालं, अवादनं आईची बाजू घेतली, ही उठून गेली. तो आणायला जात नाही, ही आपणहून येत नाही. पोरीला बापानं ठेवून घेतलं." थोडं थांबून रुबा म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच. मी विचारलं होतं, डबा का आणत नाहीस म्हणून."

एवढंच. डबा का आणत नाहीस. इन्तिसारला आठवेना की आपण बावीस वर्षांत कोणत्या मुलीला असा प्रश्न विचारला होता. चाळीस गुणिले बावीस मुलींची अक्षरं तिला आठवत होती, चुका आठवत होत्या. कुणाच्या घरात काय चाललं होतं, हे एकीचंही आठवत नव्हतं. आणि आपण त्या पोरीला सगळ्यांदेखत विचारलं होतं, घर नाही का तुला?

* * *

जुमानच्या आईचं, फिद्दाचं, माहेर दरीपलीकडच्या गावात होतं. मंगळवारी शाळा सुटल्यावर इन्तिसार मिनीबसनं तिथं गेली. अंगणात तव्यासमोर बसून फिद्दा पातळ रोट्या भाजत होती. बाई तिशीचीही नसेल. तिनं पाहुणीला ओळखलं, बस म्हणाली नाही, कॉफीचं नाव काढलं नाही. रोटी उलटली.

"तुम्ही त्या मिस."

"हो."

"बावन्न दिवस झाले मला इथं येऊन. पोरीचा कान फुटला हे मला भाजी विकणाऱ्या बाईकडून कळलं. दवाखान्यात गेले तर सासू म्हणाली, आता आली का आई? परत पाठवलं दारातून."

"फिद्दा, मी माफी मागायला आलेय."

"ती मागून झाली ना? वीस पुरुष गेले होते म्हणे. कॉफी प्यायली, एकमेकांच्या दाढ्यांचे मुके घेतले." तिनं पीठ एवढ्या जोरानं थापलं की परातीतलं पाणी उडालं. "माझ्या पोरीचा कान, आणि माफी कोणी दिली? ज्याला ती रोज काय खाते हे माहीत नाही, त्यानं. मला कोणी विचारलं? तिला कोणी विचारलं?"

इन्तिसार उभीच होती. शेवटी तिनं सांगून टाकलं, गृहपाठ काय होता, कोरं पान, ते हसू, आणि आपण काय बोललो तेही. चपराकीपेक्षा तो प्रश्न सांगताना तिची जीभ जास्त अडखळली.

फिद्दाचे हात थांबले. तव्यावरची रोटी काळी पडू लागली.

"माझं घर," ती म्हणाली. "काय लिहिणार होती ती? आई इथं, बाप ट्रकवर, आजी शिव्या देते, असं लिहायचं होतं का? तू तिची आई म्हणे! एक दिवस तरी जवळ बसवलंस तिला? आम्ही घरी भांडून बसलो, तोंडं फिरवली, आमचं चुकलंच. पण मी रोज मनाशी म्हणायचे, सकाळी सहा तास तरी माझी पोर बरी असेल. शाळेत आहे ती."

जळलेली रोटी तिनं बोटांनी उचलून बाजूला फेकली.

"मला तुझी माफी नको. तिला सगळ्यांनी मिळून खोटं बोलायला शिकवलंय. पडले, पडले म्हणते. रात्री झोपेतसुद्धा म्हणते, असं शेजारीण सांगते. तू तुझ्या हातानं कागदावर लिही, पडली नाही म्हणून. मग ये माझ्या दारात."

* * *

इन्तिसारनं तो कागद बुधवारी लिहिला. शिक्षण कार्यालयाच्या नावे, साध्या आठ ओळींत. 'मी तिला मारलं. ती पडली नाही. नोंदवहीतली नोंद खोटी आहे. तिला खोटं बोलायला आम्ही भाग पाडलं.' नवालनं वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

"वेड लागलंय का तुला? अगं, मिटलंय सगळं! बापानंच माफ केलंय."

"बापाचा कान नव्हता तो."

"मलाही बुडवतेस तू."

"नोंद तुम्ही केलीत, नवाल. मी गप्प बसले. दोघींनीही लिहायला हवं."

नवालनं लिहिलं नाही. कागद मात्र गेला.

घरी मुअतसिम दाराच्या चौकटीत उभा होता. एवढा चिडलेला तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. "वीस माणसांनी तुझ्यासाठी शब्द टाकला! काकांचं वय काय, त्यांनी त्या ड्रायव्हरसमोर मान खाली घातली. आणि तू लिहून देतेस? लोक म्हणतील, यांच्या शब्दाला यांची बहीणच किंमत देत नाही. माझं तोंड काळं केलंस तू."

"मुअतसिम, तुमच्या कॉफीनं तिला ऐकू येत असतं तर मी दहा फिन्जान प्यायले असते."

त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला. वहिनी जेवणाचं ताट वरच्या खोलीच्या पायरीवर ठेवून जायची. काका रस्त्यात दिसले की मान फिरवायचे.

चौकशी झाली. तीन माणसं टेबलामागे बसली होती. त्यांपैकी एकानं तिला समजावलं की 'अनवधानानं' एवढा एक शब्द घाला, प्रकरण हलकं होईल. इन्तिसार म्हणाली, "मी बावीस वर्षं मारत आलेय. अनवधान एवढं टिकत नाही." तिचा वर्ग काढून घेण्यात आला. कार्यालयाच्या तळघरात क्रमिक पुस्तकांचे गठ्ठे मोजण्याचं काम तिला मिळालं. त्या कागदामुळे एवढं झालं की कानाच्या तपासणीसाठी अम्मानच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली. तिथल्या डॉक्टरीणबाईनं पडदा शिवता येईल असं सांगितलं, पण डाव्या कानाचं ऐकणं निम्म्याहून जास्त गेलेलं होतं आणि ते परत येणार नव्हतं.

अम्मानला पोरीबरोबर फिद्दा गेली. परतताना ती माहेरी उतरली नाही. तिला आणायला कोणी गेलं नव्हतं, कोणी मानानं बोलावलं नव्हतं. सासूचे टोमणे गिळायची तयारी करून ती आपल्या पायांनी नवऱ्याच्या घरात शिरली, कारण पोरीच्या उजव्या बाजूला कुणीतरी असायला हवं होतं.

* * *

एप्रिलमध्ये एका सकाळी तळघरात टपालाचा शिपाई आला आणि हसत म्हणाला, "मिस, अभिनंदन! गाव तुमच्या पाठीशी उभं राहिलं."

त्यानं एका अर्जाची प्रत पुढे केली. 'आम्ही खाली सह्या करणारे पालक विनंती करतो की मिस इन्तिसार यांना ताबडतोब चौथीच्या वर्गावर परत पाठवावे. त्या गेल्यापासून मुलींना धाक राहिलेला नाही. निकाल बिघडणार आहे. थोड्याफार शिक्षेशिवाय कोणी शिकलेलं आम्ही पाहिलेलं नाही.' खाली त्र्याऐंशी सह्या होत्या. सगळ्या बापांच्या. अकरावी सही अवादची होती.

इन्तिसारनं ती सही पुन्हा पुन्हा पाहिली. तिला वाटलं होतं की आपण एक गुन्हा केला आणि तो कबूल केला. आता तिला दिसलं की तो गुन्हा तिच्याकडे परत मागितला जात होता, आदरानं, अर्ज करून.

शुक्रवारी ती त्या अर्जाची प्रत आणि पेन घेऊन अवादच्या दारी गेली. एकटीच. अवाद अंगणात ट्रकचा आरसा पुसत होता. गडबडून उभा राहिला.

"या मिस, या! कॉफी ठेव गं, फिद्दा."

"कॉफी नको. अवाद, ही सही तुमची?"

"माझीच की," तो भाबडेपणानं म्हणाला. "तुमच्या भल्यासाठी केली. झालं गेलं विसरायचं. आम्हीसुद्धा मार खाऊनच मोठे झालो, काय बिघडलं?"

"तुम्हाला कोण मारायचं?"

"शाळेतले उस्ताद खलफ. तळपायावर. अजून आहेत ते, म्हातारे झालेत."

"रस्त्यात भेटले तर काय करता?"

अवादच्या हातातलं फडकं थांबलं.

"रस्ता ओलांडतो," तो म्हणाला. "पलीकडच्या बाजूनं जातो." मग ओशाळून हसला, आणि हुबेहूब तेच हसू इन्तिसारनं तिसऱ्या बाकावर पाहिलं होतं.

"मी चाळीस वर्षांचा झालो, मिस. तरी ओलांडतो."

तिनं कागद ट्रकच्या बॉनेटवर ठेवला आणि त्यावर पेन. अवादनं दाराकडे पाहिलं. तिथं फिद्दा उभी होती. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. त्यानं पेन उचललं आणि आपल्या नावावर रेघ मारली. रेघ वाकडी आली, म्हणून त्यानं परत मारली.

फिद्दाच्या मागून जुमान डोकावली. डोकं उजवीकडे कललेलं, एका हातात आईच्या झग्याचा काठ घट्ट धरलेला. इन्तिसारनं तिला हाक मारली नाही. एक पाऊलही पुढे टाकलं नाही.

जुमाननंच विचारलं. ऐकू कमी येत असल्यामुळे हल्ली तिचा आवाज जरा मोठा निघायचा.

"मिस, तुम्ही आमच्या वर्गावर परत येणार?"

"नाही," इन्तिसार म्हणाली. मग नीट ऐकू जावं म्हणून तिनं पुन्हा स्पष्टपणे सांगितलं, "नाही येणार."

पोरीनं अडवून धरलेला श्वास सोडला. तिचे दोन्ही खांदे खाली आले, आणि काठ धरलेली मूठ सैल झाली.

इन्तिसारनं ते पाहिलं. अर्जातल्या सगळ्या स्तुतीला खरं उत्तर एवढंच होतं, आणि ते एका नऊ वर्षांच्या मुलीनं दिलं होतं. तिनं कागदाची घडी घातली, अवादचा निरोप घेतला आणि अर्जावर पुढची सही ज्याची होती, त्याच्या घराची कडी वाजवली.